मृगाच्या आधी बोटीचं इंजिन

यवतमाळ म्हटलं की कापूस आणि कोरडवाहू शेती डोळ्यांपुढे येते, बोट येत नाही. पण आमच्या जिल्ह्याची दक्षिणेची कड पैनगंगेची, पूर्वेची वर्धेची, आणि मधून पूस, अरुणावती, अडाण, बेंबळा वाहतात. इसापूर धरणातून पाणी सोडलं की उमरखेड तालुक्यातली काठाची गावं रात्र जागून काढतात. २८ सप्टेंबर २०२१ ला नांदेडहून नागपूरकडे निघालेली एसटी उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यात पुरानं ओढून नेली. २२ जुलै २०२३ ला महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर माणसं पाण्यात अडकली आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली. नागपूरहून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी निघाली तरी उमरखेड दोनशे किलोमीटरच्या पुढे आहे, आणि असा दिवस म्हणजे वाटेतल्या पुलांवरूनही पाणी. तोवर जी बोट जवळ असेल, तिचंच इंजिन सुरू झालं पाहिजे.

मी पुसदला मॅग्नेट-वायरिंगचं काम करतो. मोटारसायकली आणि शेतपंपांच्या मोटरी हा रोजचा धंदा. बचाव पथकांच्या रबरी बोटींची इंजिनं माझ्याकडे आली ती या मॅग्नेटच्या कामामुळे. सरकारी कागदावर त्यांना ‘ओबीएम’ म्हणतात, म्हणजे आउटबोर्ड मोटर. बोटीच्या मागच्या फळीला अडकवायचं आणि दोरी ओढून सुरू करायचं हे टू-स्ट्रोक इंजिन. त्याची ठिणगी तयार होते जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलीसारखीच. वरच्या फ्लायव्हीलमधली चुंबकं फिरतात, खालच्या चार्ज कॉइलमध्ये वीज निर्माण होते, ती सीडीआय नावाच्या डबीतल्या कपॅसिटरमध्ये साठते, पल्सर कॉइल ‘आता सोड’ म्हणून इशारा देते, साठलेली वीज इग्निशन कॉइलमध्ये जाऊन हजारो व्होल्टची होते आणि प्लगवर ठिणगी पडते. ही वाट तोंडपाठ असली की मल्टीमीटर कुठे लावायचं ते वेगळं शिकावं लागत नाही.

या कामात मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. मीटर जे सांगतं ते थंड, कोरड्या, उभ्या इंजिनाबद्दल. पुरात चालायचं असतं गरम, ओलं आणि फिरणारं इंजिन. या दोन इंजिनांमधलं अंतर ज्याला कापता येतं त्याचीच तपासणी कामाची. पुढचे मुद्दे त्याबद्दलचे आहेत.

१. मीटरच्या आधी डोळे आणि नाक.

दिवाळीपासून मेपर्यंत ही इंजिनं गोदामात पडून असतात. एवढ्या काळात उंदीर वायरचं प्लास्टिक कुरतडतात, कुंभारीण माशी थंडाव्याचं पाणी बाहेर फेकणाऱ्या बारीक नळीत मातीचं घर बांधते, आणि वायरी जोडणाऱ्या कप्लरच्या पितळी पिनांवर हिरवट गंज चढतो. झाकण काढल्यावर आधी पाच मिनिटं नुसतं पाहावं. प्रत्येक वायर दोन बोटांत धरून हलकी वाकवावी. आतली तार तुटलेली असेल तर त्या जागी वायर लुळी पडते. कॉइल जळालेली असेल तर वार्निशचा करपट वास येतो, आणि तो वास महिनोन्महिने राहतो.

याच वेळी प्लग काढून ठिणगी पाहायची. प्लग इंजिनच्या बॉडीला घट्ट टेकलेला हवा. प्लग कॅप मोकळी सोडून दोरी ओढणारे पुष्कळ आहेत. ठिणगीच्या विजेला बाहेर वाट मिळाली नाही की ती कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडून वाट काढते आणि चांगली कॉइल कायमची जाते. शिवाय प्लगच्या भोकातून पेट्रोलचा फवारा बाहेर पडतो, म्हणून ठिणगी त्या भोकाजवळ पाडायची नाही आणि पेट्रोलची टाकी त्या टेबलाच्या आसपासही ठेवायची नाही.

२. मीटरची परीक्षा मीटरनंच.

आयटीआयमध्ये आमच्या हातात नाशिकच्या मोटवानेचं काट्याचं मीटर होतं. रेंज बदलली की दोन्ही पिना एकमेकींना टेकवून काटा शून्यावर आणायचा, ही सवय तिथे लागली. आता सगळीकडे पिवळं डिजिटल मीटर आहे आणि ती सवय गेली. ती ठेवावी. २०० ओहमच्या रेंजला पिना जोडल्यावर पडद्यावर शून्य येत नाही, थोडाफार आकडा राहतोच. तो वायरींचा स्वतःचा रोध. इग्निशन कॉइलची प्रायमरी बाजू बहुतेक इंजिनांत एक ओहमच्याही आत असते. तिथे हा आकडा वजा केला नाही तर मोजलं ते कॉइलचं की मीटरच्या वायरींचं, हे कळणारच नाही.

मीटरमधला नऊ व्होल्टचा सेल उतरला असेल तर ते गप्प बसत नाही, खोटे आकडे दाखवतं. म्हणून आधी ज्याची खात्री आहे अशा एखाद्या बॅटरीवर मीटर लावून पाहावं. हे मोजायचं यंत्रही मूळ तारा सांभाळणाऱ्या माणसानंच घडवलं. ब्रिटिश टपाल खात्यातले अभियंते डोनाल्ड मॅकाडी यांनी १९२० च्या दशकात अँपिअर, व्होल्ट आणि ओहम मोजणारी तीन उपकरणं एका पेटीत बसवली. तिन्ही एकात आहेत याचा अर्थ गोल बटण चुकीच्या जागी राहण्याची जोखीमही तिथेच आहे. ओहमच्या रेंजवर ठेवलेलं मीटर चालू विजेला लावलं की मीटर गेलं म्हणून समजा.

३. ठिणगी नाही म्हणजे आधी किल स्विच.

या एका मुद्द्यावर सगळ्यात जास्त लिहितोय, कारण सर्वांत जास्त पैसा विनाकारण इथेच जातो.

बोटीच्या इंजिनाला बंद करण्याचा जो स्विच असतो त्याला एक प्लास्टिकची क्लिप आणि पिळाची लाल दोरी असते. दोरीचं दुसरं टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला अडकवायचं. माणूस पाण्यात पडला की क्लिप निघते आणि इंजिन तत्काळ बंद पडतं. पंखा फिरत राहिला तर पडलेल्या माणसाचा जीव जाईल, म्हणून ही सोय.

आता याची वायरिंग घरातल्या बटणाच्या उलट. घरात बटण जोडलं की दिवा लागतो. इथे स्विच जोडला गेला की इंजिन बंद होतं, कारण तो सीडीआयची वीज सरळ बॉडीत उतरवतो. त्यामुळे मीटर बझरवर ठेवून या स्विचची वायर, म्हणजे स्टॉप वायर, आणि बॉडी यांच्यात लावलं तर क्लिप बसलेली असताना आवाज यायला नको, क्लिप काढल्यावर यायला हवा. नवा माणूस नेमकं याच्या उलट समजतो आणि चांगला स्विच काढून टाकतो.

पण बझरवर इथे थांबायचं नाही. गेल्या पावसाळ्यानंतर एक होमगार्डचा मुलगा इंजिन घेऊन आला. म्हणाला, “भाऊ, स्पार्क लयच बारीक येऊन राहिला. सीडीआय गेला म्हणतात. नवीन मागवू का?” क्लिप बसवून बझर लावला, आवाज नाही. म्हणजे वरकरणी स्विच ठीक. मग मीटर २० किलो-ओहमच्या रेंजला नेलं. आकडा चारच्या आसपास डोलत होता, एकदा वर, एकदा खाली. चांगल्या उघड्या स्विचमध्ये तिथे नुसता ‘१’ दिसायला हवा, म्हणजे वाटच नाही. स्विच उघडला तर आत पुराचा गाळ. वाळून त्याची करडी पपडी झालेली, आणि हवेतल्या ओलाव्यानं ती पुन्हा ओली होत होती. त्या पपडीतून वीज झिरपत होती. बझर वाजतो तो रोध अगदी कमी असला तरच. चार हजार ओहमची गळती त्याला ऐकूच जात नाही, पण ठिणगी मारायला ती पुरते.

याची खात्री करण्याचा रस्ता सोपा. सीडीआयकडे जाणारी स्टॉप वायर सोडवायची आणि दोरी ओढायची. ठिणगी निळी, टणक आली तर दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये. नाही आली तरच पुढे जायचं. त्या मुलाच्या इंजिनात निळी आली. स्विच धुतला, सुकवला, काम झालं. एक मात्र ध्यानात ठेवायचं, स्टॉप वायर सुटलेली असताना इंजिन सुरू झालं तर ते बटणानं बंद होणार नाही. चोक ओढून बंद करायचं, आणि अशा अवस्थेत बोट पाण्यात कधीही न्यायची नाही.

४. कप्लर सोडवल्याशिवाय ओहम मोजू नका.

कॉइल सीडीआयला जोडलेली असताना मीटर लावलं तर मीटरचा बारीक प्रवाह कॉइलमधूनही जातो आणि सीडीआयमधूनही. जो आकडा येतो तो दोघांचा मिळून. मग चांगली कॉइल वाईट दिसते आणि वाईट कॉइल चांगली. कप्लर काढायचा, भाग एकटा करायचा, मग मोजायचं. सीडीआयच्या कपॅसिटरमध्ये दोन-तीनशे व्होल्ट उरलेले असू शकतात, म्हणून दोरी ओढल्यावर लगेच त्या पिनांना बोट लावायचं नाही.

वायरच्या रंगावर विश्वास टाकू नये. यामाहात स्टॉप वायर पांढरी, मर्क्युरीत काळी-पिवळी. त्यातून मधे कुणीतरी दुरुस्ती करून हाताला आली ती वायर जोडलेली असते, हे आपल्याकडचं नेहमीचं. टोक कुठून निघतं आणि कुठे जातं हे मीटरनं पाहावं आणि मॅन्युअलमधल्या आकृतीशी ताडावं.

५. आपल्या उन्हाळ्याचा हिशेब मॅन्युअलमध्ये नसतो.

मॅन्युअलमध्ये कॉइलचा रोध दिलेला असतो तो २० अंश तापमानाचा. आम्ही तपासणी करतो मे महिन्यात, मृगाच्या आधी, जेव्हा यवतमाळात पारा ४४-४५ वर असतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. कॉइल तांब्याची. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्यानं वाढतो. २० वरून ४५ वर गेलं की पंचवीस अंश झाले, म्हणजे रोध दहा टक्क्यांनी वाढला. पुस्तकात ३०० ओहम लिहिलेली कॉइल आमच्याकडे दुपारी ३३० दाखवणार आणि ती अगदी चांगली असणार.

पुस्तकातली कमाल मर्यादा अशा वेळी सहज ओलांडली जाते. ‘लिमिटच्या बाहेर’ असा शेरा मारून चांगल्या कॉइली बाद केलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या जागी नवीन येईपर्यंत पाऊस सुरू झालेला असतो. म्हणून मी मोजणी सकाळी सहा-सातला करतो, इंजिन रात्रभर सावलीत राहिल्यावर, आणि आकड्याशेजारी तापमान लिहितो.

याहूनही भरवशाची पद्धत म्हणजे तुलना. दोन सिलिंडरच्या इंजिनात ज्या कॉइली जोडीनं असतात त्या एकाच हवेत, एकाच वयाच्या. दोघींचे आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. एक ३३० आणि दुसरी ३२५ असेल तर काळजी नाही. एक ३३० आणि दुसरी २४० असेल तर दुसरीतले काही फेरे आपसांत चिकटलेत, मग पुस्तक काहीही म्हणो. सेकंडरी बाजू मोजताना प्लग कॅप पिळून काढून वेगळी मोजावी. पुष्कळ कॅपमध्ये स्वतःचा पाच हजार ओहमच्या आसपासचा रेझिस्टर असतो. कॉइल ठीक आणि कॅप गेलेली, असं वारंवार निघतं. नवीन कॅप हा त्या सगळ्या रांगेतला सर्वांत स्वस्त भाग.

शेवटी मीटर सर्वांत मोठ्या रेंजला नेऊन कॉइल आणि बॉडी यांच्यात गळती पाहायची. इथे मात्र मॅन्युअल उघडंच ठेवा, कारण काही कॉइलींचं एक टोक मुळातच बॉडीला जोडलेलं असतं.

६. ओहम चांगले आले म्हणजे कॉइल चांगली, असं नाही.

मीटर ओहम मोजतं ते नऊ व्होल्टच्या सेलवर. कॉइलला काम करायचं असतं शेकडो, पुढे हजारो व्होल्टवर. इन्सुलेशनला गेलेली केसाएवढी चीर नऊ व्होल्टला दिसत नाही, तीनशे व्होल्टला ती दार होते. त्यामुळे कॉइल फिरत असताना मोजणं हीच खरी मोजणी.

आणि इथे साधं मीटर अपुरं पडतं. त्याची एसी रेंज घरच्या विजेसाठी बनवलेली, सेकंदाला पन्नास वेळा संथ चढउतार करणाऱ्या लाटेसाठी. दोरी ओढल्यावर कॉइलमधून येतात ते क्षणभराचे झटके. मीटर काहीतरी दाखवतं, पण तो आकडा मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळत नाही, आणि मग माणूस कॉइलवर आळ घेतो. कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये ‘पीक व्होल्टेज’ दिलेलं असतं. ते मोजायला पीक अडॅप्टर लागतो. त्यातला डायोड वीज एकाच दिशेनं जाऊ देतो, कपॅसिटर झटक्याचा माथा धरून ठेवतो, आणि मीटर डीसी रेंजवर तो माथा वाचतं. जिल्ह्याच्या पथकानं असा एक अडॅप्टर घेऊन ठेवावा, असं मी दर वर्षी सांगतो. एका चुकीच्या सीडीआयच्या खरेदीत तो सुटतो.

अडॅप्टर नसेल तर निदान तुलना करता येते. तेच मीटर, तीच रेंज, दोरी ओढणारा माणूसही तोच, आणि शेजारी त्याच मॉडेलचं दुसरं चालू इंजिन. दोघांचे आकडे समोरासमोर मांडायचे. आकडा खरा नसला तरी फरक खरा असतो.

मोजताना मीटरच्या पिना हातात धरायच्या नाहीत, मगरक्लिपा लावायच्या, हात मागे घ्यायचे, पायाखाली कोरडी फळी हवी, मगच दोरी ओढायची. चार्ज कॉइलचा झटका माणसाला फेकून देतो. हृदयाचा त्रास असलेल्या माणसानं हे काम करूच नये.

७. ठिणगी चांगली आहे? मग मीटर खाली ठेवा.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी शोषतं आणि पाणी जास्त झालं की दोघंही वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. गेल्या हंगामातलं ऑइल मिसळलेलं पेट्रोल टाकीत ठेवून जूनमध्ये दोरी ओढत बसण्यात अर्थ नाही. ते काढून टाका, कार्ब्युरेटर धुवा, ताजं पेट्रोल घेऊन कंपनीनं सांगितलेल्या प्रमाणात टू-टी ऑइल मिसळा. विजेचा दोष नाही हे मीटरनं दहा मिनिटांत सिद्ध केलं, इतकंच त्याचं काम होतं आणि ते झालं.

८. बॅटरीवर सुरू होणाऱ्या इंजिनांचं वेगळं.

मोठ्या इंजिनांना सेल्फ असतो. बॅटरी नुसती १२.६ व्होल्ट दाखवते म्हणून खूश होऊ नका. सेल्फ मारताना मीटर बॅटरीवरच ठेवा. त्या वेळी व्होल्टेज साडेनऊच्या खाली घसरलं तर बॅटरी थकली आहे. हे शेतातल्या ट्रॅक्टरलाही तसंच लागू.

बॅटरी चांगली आणि सेल्फ तरी रडतो, असं झालं तर केबलकडे वळा. इथे ओहमची रेंज फसवते, आणि का फसवते ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. समजा टर्मिनलखाली गंज आहे आणि त्याचा रोध आहे ०.०२ ओहम. साधं मीटर हे वाचूच शकत नाही, मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध या गंजाच्या कितीतरी पट. मीटर म्हणणार केबल शाबूत. पण सेल्फ शंभर अँपिअर ओढतो. शंभर गुणिले ०.०२ म्हणजे दोन व्होल्ट. बारा व्होल्टांतले दोन त्या गंजातच गेले, वर तिथे उष्णता झाली ती वेगळीच.

म्हणून केबल मोजायची ती भार असताना. मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचं, एक पिन बॅटरीच्या खांबाला आणि दुसरी पिन त्याच केबलच्या पलीकडच्या टोकाला लावायची आणि सेल्फ मारायला सांगायचं. चांगल्या केबलच्या दोन टोकांत जवळजवळ काहीच फरक दिसायला नको. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की ती केबल किंवा तिचा जोड उघडा, घासा, आवळा. शेतपंपाच्या स्टार्टरवर काम करणाऱ्या पोरांना मी हीच चाचणी आधी शिकवतो. ज्याला ही कळली त्याला वीज कळली.

चार्जिंग पाहायचं तर इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा हवा. रेक्टिफायरमधले डायोड मीटरच्या डायोड रेंजवर एका बाजूनं ०.५ च्या आसपास दाखवतात, उलट्या बाजूनं काहीच नाही. दोन्हीकडून दाखवलं तर तो गेला. चालू इंजिनाची बॅटरी मात्र कधी सोडवायची नाही, रेक्टिफायर तिथल्या तिथे जातो.

९. आता ते ओलं करा आणि तापवा.

हे इंजिन कोरडं चालवायचं नाही. त्याला स्वतःचा रेडिएटर नाही, खालचा रबरी इम्पेलर नदीचं पाणी वर ओढून त्याला थंड ठेवतो. पाण्याविना तो रबर पाहता पाहता फाटतो. गॅरेजमध्ये दोनशे लिटरचा ड्रम किंवा गुरांचा सिमेंटचा हौद चालतो, पाणी खालच्या जाळीच्या चांगलं वर हवं.

ड्रममध्ये सुरू झालं की अंधार पडल्यावर झाकण काढून प्लगच्या वायरींवर आणि कॉइलवर फवारणीच्या बाटलीनं बारीक पाणी मारायचं. हात लांब ठेवायचे. जिथे इन्सुलेशनला चीर असेल तिथे निळी रेघ बॉडीकडे उडी मारताना दिसते आणि त्याच वेळी इंजिन अडखळतं. दिवसभर मीटरनं जे सांगितलं नाही ते इथे डोळ्यांना दिसतं.

मग गरमीची चाचणी. काही कॉइली थंड असताना सगळ्या परीक्षा उत्तीर्ण होतात आणि वीस-पंचवीस मिनिटं चालल्यावर ठिणगी सोडतात. आत तुटलेल्या तारेची दोन टोकं एकमेकांना टेकून असतात, तापल्यावर प्रसरण पावून विलग होतात. ‘गार झालं की पुन्हा चालू होतं’ अशी तक्रार आली की हीच शंका घ्यावी. इंजिन बंद पडल्याबरोबर, गार व्हायच्या आत, कप्लर सोडवून मोजायचं. सकाळी ३०० असलेली कॉइल तेव्हा अनंत दाखवते. दहा मिनिटं थांबलात तर पुरावा गेला.

ड्रममध्ये इंजिनावर पुरेसा भार येत नाही, म्हणून शेवटची चाचणी धरणाच्या पाण्यात, पूर्ण बोट आणि माणसं घेऊन, अर्धा तास सलग. इसापूर, पूस, अरुणावती, बेंबळा, जे जवळ असेल ते. जूनच्या पहिल्या आठवड्यात फोटो काढण्यापुरती बोट दोन फेऱ्या मारून परत येते, ती चाचणी नव्हे. दहाव्या मिनिटाला परतलेल्या इंजिनात विसाव्या मिनिटाला काय होणार होतं, हे मग पुरातच कळतं, आणि तेव्हा बोटीत म्हातारी माणसं आणि लेकरं बसलेली असतात.

१०. जोड डाग देऊनच.

तारा पिळून वर टेप गुंडाळलेला जोड बोटीवर चालत नाही. धक्क्यांनी तो सैल होतो, टेपखाली पाणी साचतं आणि तांबं काळं पडतं. डाग द्यावा, त्यावर हीट श्रिंक नळी चढवावी, कप्लरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस भरावं. पुरातून आलेली बोट धुताना झाकणाच्या आत प्रेशरचा पाइप मारू नये. गाळ ओल्या फडक्यानं आणि मऊ ब्रशनं काढून, इंजिन झाकण उघडं ठेवून दिवसभर वाऱ्यावर ठेवावं.

११. प्रत्येक इंजिनाची वही.

आकड्याला अर्थ येतो तो मागच्या आकड्यामुळे. चार्ज कॉइल, पल्सर, प्रायमरी, सेकंडरी, किल स्विचची गळती, दोरी ओढतानाचं व्होल्टेज. तारीख, तापमान आणि कोणत्या मीटरनं मोजलं ते. ही वही इंजिनच्या पेटीत राहिली पाहिजे, साहेबांच्या कपाटात नाही. बदली झाली, माणूस गेला, तरी इंजिनाचा इतिहास इंजिनाजवळ राहतो. सलग दोन वर्षं पल्सरचा आकडा एकाच दिशेनं सरकताना दिसला तर पल्सर तिसऱ्या पावसाळ्याची वाट न पाहता बदलावा.

पथकातल्या पोरांना फक्त तीन गोष्टी शिकवल्या तरी चालतं. स्टॉप वायर सोडवून ठिणगी पाहणं, दोन कॉइलींची तुलना, आणि गरम असताना मोजणं. यातली बहुतेक पोरं शेतकऱ्यांची आहेत, पंपाच्या मोटरीला मीटर लावून वाढलेली. त्यांना हे एका दुपारी येतं. त्यांना शिकवायला कुणी वेळ काढत नाही, एवढंच.

१२. जास्तीची क्लिप बोटीतच बांधा.

किल स्विचची क्लिप चालवणाऱ्याच्या अंगावर असते. तो पाण्यात पडला तर क्लिपही त्याच्याबरोबर गेली. इंजिन बंद पडलं, ते योग्यच झालं. पण आता बोटीत उरलेल्यांना त्याला उचलायला जायचं तर इंजिन पुन्हा सुरू करायला क्लिप हवी, आणि ती प्रवाहात गेलेली. तोवर बोट एका दिशेला आणि माणूस दुसऱ्या दिशेला. म्हणून प्रत्येक बोटीत जास्तीची क्लिप असावी, लाल दोरीनं इंजिनजवळच्या कडीला पक्की बांधलेली, पेटीत कुलूपबंद नाही. बोट पाण्यात टाकण्याआधी ती स्विचमध्ये एकदा बसवून, बझर लावून पाहावी. वेगळ्या कंपनीच्या क्लिपा दिसायला सारख्या असतात, पण काही अर्ध्याच बसतात आणि स्विच पुरता उघडत नाही.